चार बोल्ट

मिस्त्रींनी गाडीखालून हात बाहेर काढला. दोन बोटांवर काळपट तेल होतं. अंगठ्यानं ते चोळून त्यांनी बोटं नाकाशी नेली, क्षणभर थांबले आणि म्हणाले, "इंजिनाचं आहे. गिअरबॉक्सचं नाही."

"वासावरून कळतं?" मी विचारलं.

"गिअरच्या तेलाला गंधकाचा वास येतो, ताई. एकदा नाकात बसला की विसरत नाही माणूस. हे साधं इंजिन ऑइल आहे. फ्लायव्हीलच्या मागचं सील गेलंय. तेल क्लचवर जातंय, म्हणून प्लेट सटकतीय."

मामा स्टुलावर बसून ऐकत होते. गाडी त्यांची. १९६३ची फोक्सवॅगन बीटल, फिकट निळी, मागच्या मडगार्डला दोन ठिकाणी पोचे. गेले दोन महिने कात्रजच्या चढावर इंजिनाचा आवाज वाढायचा आणि गाडी मात्र रेंगाळायची. मामांनी वयाची ऐंशी ओलांडली आहे. गाडी साठीच्या पुढची. दोघांच्याही दुखण्याकडे घरात सारख्याच काळजीनं पाहिलं जातं.

"म्हणजे इंजिन उतरवायचं," मामा म्हणाले. शस्त्रक्रियेची तारीख मिळावी तसा त्यांचा आवाज होता.

"चार तर बोल्ट आहेत, काका. सकाळी गाडी लावा, जेवणाच्या सुट्टीआधी इंजिन जमिनीवर असेल."

गाडीचं इंजिन उतरवायचं म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो. आठ-दहा दिवस गाडी गॅरेजात, खर्चाचा अंदाज रोज बदलणारा, आणि परत जोडल्यावर उरलेले दोन नट डबीत. इथं एक माणूस चार बोल्टांची गोष्ट इतक्या सहजपणे सांगत होता की मला ते बघायचंच होतं. पुण्यातल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये मी तीन दिवस बसले, आणि त्या चार बोल्टांचा माग काढत जर्मनीतल्या एका कारखान्यापर्यंत गेले.

०००

बीटलचं पुढचं झाकण उघडलं की आत पेट्रोलची टाकी आणि जादा चाक दिसतं. इंजिन मागे. मागचं झाकण उघडल्यावर नव्या माणसाच्या लक्षात आधी येतं ते तिथं काय नाही हे. रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही, रबरी होसची गुंतागुंत नाही. मधोमध एक काळी, अर्धगोल पत्र्याची पेटी. तिच्यापुढे डायनमो, त्याला एकच पट्टा, आणि शेजारी कार्बोरेटर. बाकी सगळं त्या पत्र्याच्या आड.

हवेवर गार होणारं इंजिन आपल्याला परकं नाही. महाराष्ट्रातली एक अख्खी पिढी अशाच इंजिनावर बसून कामाला गेली आहे. चेतक स्कूटरचं साइड कव्हर काढून ज्यांनी आत पाहिलं असेल, त्यांना फ्लायव्हीलवरची पाती आठवतील. ती पाती वारा ओढतात आणि पत्र्याच्या टोपणाखालून सिलिंडरच्या अंगावर सोडतात. सिलिंडरभोवती पातळ कडा असतात, गॅरेजात त्यांना फिन म्हणतात. उष्णता फिनवर पसरते आणि वारा ती घेऊन जातो. बीटलमध्ये तत्त्व हेच, फक्त एकाऐवजी चार सिलिंडर. दोन डावीकडे, दोन उजवीकडे, आडवे पडलेले. समोरासमोरचे पिस्टन एकाच वेळी बाहेर जातात आणि एकाच वेळी आत येतात. मुष्टियुद्धाआधी दोन पैलवान हातमोजे एकमेकांवर आपटतात तसे. म्हणून या बांधणीला बॉक्सर असं नाव पडलं.

काळ्या अर्धगोल पेटीच्या पोटात पंखा असतो. तो डायनमोच्याच दांड्यावर बसवलेला. क्रँक फिरला की पट्टा फिरतो, पट्ट्यानं डायनमो, डायनमोबरोबर पंखा. तेल गार करणारा कूलरही त्याच पेटीत, त्याच वाऱ्यात. त्यामुळे पट्टा तुटला तर वीज आणि वारा दोन्ही एकदम थांबतात. डॅशबोर्डवर लाल दिवा लागला तर जाणता बीटलवाला पुढच्या चौकापर्यंत जाऊ असं म्हणत नाही. तिथल्या तिथे इंजिन बंद करतो.

मामांच्या गाडीचं इंजिन ११९२ सीसीचं, ३४ अश्वशक्तीचं. मधलं घर मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं, सिलिंडर बिडाचे, हेड ॲल्युमिनियमची. सगळं मिळून वजन साधारण एकशे दहा किलो. दोन धडधाकट माणसं ते उचलून बाजूला ठेवू शकतात. त्यात तेल बसतं अडीच लिटर. तेलाला फिल्टर नाही, तळाशी फक्त एक जाळी, जी दर वेळी काढून रॉकेलनं धुवायची.

०००

हे इंजिन असं का झालं, याचं उत्तर १९३०च्या दशकातल्या जर्मनीत आहे. जून १९३४मध्ये फर्डिनांड पोर्शे यांच्याशी तिथल्या मोटार-उद्योगाच्या संघानं लोकांच्या गाडीचा करार केला. हिटलरच्या राजवटीची मागणी होती की गाडी कुटुंबाला पुरेल अशी हवी, ताशी शंभर किलोमीटरनं न थकता धावायला हवी, आणि किंमत हजार मार्कांच्या आत हवी. ज्या लोकांसाठी ती करायची होती, त्यांच्याकडे गाडी ठेवायला गॅरेज नव्हतं. जर्मनीतल्या हिवाळ्यात रात्रभर रस्त्यावर उभ्या गाडीत पाणी गोठलं, तर ते फुगून इंजिनाला तडा देतं. पाणीच नसेल तर गोठायला काही उरत नाही. अनेक नमुने करून पाहिल्यावर पोर्शे यांच्या कार्यालयातले ऑस्ट्रियन अभियंते फ्रान्झ राइमश्पीस यांनी चार आडव्या सिलिंडरचं हे इंजिन कागदावर उतरवलं.

कल्पना एकट्या पोर्शे यांची नव्हती. मोरावियातल्या टाट्रा कंपनीत हान्स लेडविंका मागच्या बाजूला हवेवरची इंजिनं बसवून गाड्या करतच होते. टाट्राच्या पेटंटांवरून वाद झाला. महायुद्धानं तो गाडला आणि १९६०च्या दशकात तो पैसे देऊन मिटवावा लागला.

या गाडीच्या जन्माचा इतिहास स्वच्छ नाही, आणि तिच्यावर प्रेम करणाऱ्यानं तो झाकू नये. १९३८मध्ये फालर्सलेबेनजवळ, आजच्या वोल्फ्सबुर्गमध्ये, कारखान्याची कोनशिला बसली. गाडीची किंमत ९९० मार्क ठरली. सामान्य कामगारांनी दर आठवड्याला पाच मार्कांची तिकिटं वहीत चिकटवायची आणि वही भरली की गाडी घ्यायची, अशी योजना निघाली. सुमारे ३ लाख ३६ हजार लोकांनी पैसे भरले. एकालाही त्या योजनेतून गाडी मिळाली नाही. युद्ध सुरू झालं आणि कारखाना लष्करी वाहनांकडे वळला. तिथं सुमारे वीस हजार माणसांना बळजबरीनं राबवलं गेलं. त्यांत युद्धकैदी होते, छळछावण्यांतून आणलेले कैदी होते, पूर्व युरोपातून धरून आणलेल्या बायाबापड्या होत्या. कारखान्याच्या ज्या तळघरात हवाई हल्ल्याच्या वेळी आसरा घेतला जाई, तिथं आता त्यांचं स्मारक आहे. ते १९९९ साली उघडलं.

युद्धानंतर बॉम्बनं मोडलेला हा कारखाना ब्रिटिशांच्या ताब्यात आला. तो चालवायला ब्रिटिश मोटार कंपन्या पुढे आल्या नाहीत. गाडीत त्यांना दम दिसला नाही. तिथं नेमलेला एक तरुण लष्करी अधिकारी मात्र यंत्र जाणणारा होता. मेजर इव्हान हर्स्ट. व्याप्त प्रदेशातल्या प्रशासनाला वाहनं हवी होती, म्हणून वीस हजार गाड्यांची मागणी नोंदवून घेण्यात आली, आणि डिसेंबर १९४५च्या अखेरीला बीटल नियमितपणे बाहेर पडू लागली. १९४८मध्ये हाइन्झ नोर्डहोफ यांनी सूत्रं हाती घेतली. त्यांनी गाडीचं रूप बदलायच्या मोहापेक्षा तिच्यातले दोष एकेक करून काढण्यावर आणि सुटे भाग व दुरुस्तीची सोय सगळीकडे पोचवण्यावर भर दिला. १९५५मध्ये दहा लाखावी गाडी निघाली. फेब्रुवारी १९७२मध्ये १,५०,०७,०३४वी गाडी निघाली आणि फोर्डच्या मॉडेल टीचा विक्रम मागे पडला.

राजवटीनं ज्यांना फसवलं त्यांची भरपाई या आकड्यांनी होत नाही. पण लोकांची गाडी, म्हणजेच फोक्सवॅगन, हा शब्द युद्धानंतर खरा झाला तो दुरुस्तीच्या जोरावर, हे मला मिस्त्रींच्या शेडमध्ये बसून पटलं.

०००

सकाळी साडेनऊ. मिस्त्रींनी आधी मागची सीट उचलली. तिच्याखाली बॅटरी. तिची वायर सोडवून त्यांनी ती बाजूला वळवली. "हे पहिलं. पेट्रोल आणि ठिणगी एका खोलीत नको." कामाला असलेला पोरगा एकोणीस-वीस वर्षांचा. त्यानं हवेचं फिल्टर काढलं. हे जुनं, तेलात भिजणारं. सरळ धरलं नाही तर तेल सांडतं. त्यानं ते देवापुढचं ताम्हण धरावं तसं दोन्ही हातांनी धरून बाकावर ठेवलं.

मग वायरी. डायनमोच्या, कॉइलच्या, तेलाच्या दाबाच्या स्विचची, चोकची. प्रत्येक वायर सोडवली की मिस्त्री तिच्यावर कागदी चिकटपट्टी गुंडाळत आणि पेन्सिलनं अंक लिहीत. इतकी वर्षं हे काम करणारा माणूस अंक का लिहितो, असं मी विचारलं. ते म्हणाले, "मला लागत नाहीत. पण मला उद्या ताप आला तर हा जोडंल."

ॲक्सिलरेटरची केबल कार्बोरेटरच्या टोकाशी एका पिटुकल्या दंडगोल पिनेत अडकवलेली असते. ही पीन तांदळाच्या दाण्याहून फार मोठी नाही, आणि ती पडली तर दिवस शोधण्यात जातो. पोराच्या डाव्या हाताचा तळवा आधीच खाली पसरलेला होता. पीन तळव्यावर, तळव्यातून डबीत. केबल पंख्याच्या पेटीतल्या नळीतून पुढे गेलेली असते. इंजिन मागे सरकलं की ती आपोआप सुटून राहते.

मागच्या बाजूचे पत्रे निघाले. चपट्या डोक्याचे स्क्रू, त्यातले तीन गंजलेले. मिस्त्रींनी त्यांवर डिझेल सोडलं आणि चहा मागवला. "गंजाशी भांडायचं नाही. त्याला वेळ द्यायचा." चहा संपला तेव्हा तिन्ही स्क्रू फिरले.

आता गाडीखाली. मागचा भाग उचलून घोड्यांवर ठेवला. पेट्रोलची टाकी पुढे आणि वरच्या अंगाला. त्यामुळे खालचा रबरी पाइप सोडला की पेट्रोल आपणहून वाहू लागतं. मिस्त्रींनी पाइप चिमटीत दाबून सोडवला आणि त्याच क्षणी तोंडात एक छोटा बोल्ट सरकवून क्लिप आवळली. चार थेंब सांडले असतील. ते पुसलेलं फडकं त्यांनी शेडच्या बाहेर नेऊन टाकलं. साठ वर्षांच्या गाडीत रबर कडक होतं, चिरतं, आणि त्यातून गळणारं पेट्रोल गरम इंजिनावर पडतं. कित्येक बीटल अशा जळाल्या आहेत. मॅग्नेशियम पेटलं तर त्यावर पाणी मारून चालत नाही, आग उलट भडकते. म्हणून मिस्त्रींच्या दाराशी वाळूच्या दोन बादल्या कायम भरलेल्या असतात.

हीटरच्या केबली आणि नळ्या सुटल्या. आता चार बोल्टांची पाळी.

खालचे दोन सोपे. इंजिनातून निघालेले दोन स्टड गिअरबॉक्सच्या घरातून आरपार येतात आणि त्यांवर नट बसतात. सतरा नंबरचा पाना. दोन्ही नट काढल्यावर इंजिनाखाली ट्रॉली जॅक आला. जॅकवर लाकडाची फळी, आणि फळी इंजिनाला जेमतेम टेकेल इतकीच वर. "आता ओझं जॅकनं घ्यायला पायजे. वरचे बोल्ट ओझ्याखाली असले तर निघत नाहीत."

वरचे दोन बोल्ट ही या कामाची खरी जागा. नट इंजिनाच्या बाजूला, पंख्याच्या पेटीच्या मागे, जिथं डोळा पोचत नाही. बोल्टाचं डोकं गिअरबॉक्सच्या बाजूला, गाडीच्या खालून हात घातला तरच हाताला लागतं. उजवीकडचा बोल्ट स्टार्टरलाही धरून ठेवतो. नट फिरवताना डोकं धरलं नाही तर सगळा बोल्ट जागच्या जागी गरगर फिरतो. पुढच्या काळातल्या इंजिनांत एका बोल्टाचं डोकं अर्धगोल करून ही अडचण कमी केली. मामांच्या गाडीत ती सोय नाही. म्हणजे काम दोघांचंच.

पोरगा पाठीवर झोपून गाडीखाली सरकला. मिस्त्री मागच्या झाकणात वाकले, डावा गाल पंख्याच्या पेटीला टेकलेला, नजर शेडच्या छताकडे, उजवा हात कोपरापर्यंत आत. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं. बोल्टही दिसत नव्हता. संवाद फक्त शब्दांचा.

"धरला?"

"धरला."

"वर दाबून धर. सटकतोय."

"आता?"

"हां. सोडू नको."

मिस्त्रींच्या मनगटाचा एक झटका आणि आत कुठंतरी कुर्र असा आवाज. मग बोटांनीच नट फिरू लागला. त्यांनी तो बाहेर काढून माझ्या हातावर ठेवला. कोमट होता. दुसऱ्याला जरा जास्त वेळ लागला.

आता इंजिन फक्त जॅकवर होतं आणि गिअरबॉक्सच्या एका दांड्यावर गुंतलेलं. हा दांडा क्लच प्लेटच्या मधून जातो. इंजिन सरळ मागे, चार-पाच बोटं, ओढायचं असतं. मधेच जॅक खाली केला तर इंजिनाचा सगळा भार त्या दांड्यावर आणि प्लेटवर येतो, दोन्हीपैकी काहीतरी वाकतं. मिस्त्रींनी दोन्ही हात सायलेन्सरच्या बाजूंना धरले. पोरगा जॅकच्या दांड्याशी. इंजिन हलवलं, डावीकडे, उजवीकडे, घट्ट झाकणाची बरणी उघडावी तसं. फट पडली. बोटभर, मग दोन बोटं. आणि एकाएकी इंजिन मोकळं झालं. ते मोकळं होणं मला ऐकू आलं नाही. मिस्त्रींच्या खांद्यांत दिसलं. खांदे खाली आले.

जॅक हळूहळू खाली गेला. मग शेडच्या तुळईला टांगलेली चेन कप्पी लावून गाडीचा मागचा भाग साधारण तीन फूट उचलला आणि इंजिन जॅकसकट बाहेर ओढलं. पावणेबारा वाजले होते. मामा उठून जवळ आले. पन्नास वर्षं त्यांनी हे इंजिन चालवलं, पण ते संपूर्ण असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. "एवढंसंच?" ते म्हणाले आणि वाकून त्यांनी पंख्याच्या पेटीवर हात ठेवला.

०००

दुपारी क्लच उघडला. प्लेट १८० मिलिमीटरची. तिचा खरखरीतपणा जाऊन ती तेलानं काचेसारखी चकाकत होती. फ्लायव्हील मधल्या एकाच नटावर बसलेलं असतं. छत्तीस नंबरचा हा नट सुमारे तीस किलोग्रॅम-मीटरनं आवळलेला. म्हणजे एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला तीस किलोचं वजन टांगावं तेवढा जोर. मिस्त्रींनी पान्याला पाच फुटी पाइप लावला, पोरानं फ्लायव्हीलला पट्टी अडकवून धरली, आणि नट सुटला.

त्याच्यामागे ते सील. बांगडीएवढं रबर. उचकटून काढताना त्याचे दोन तुकडे झाले. या एका वस्तूसाठी सगळा खटाटोप. पण सील नुसतं बदलून भागत नाही. फ्लायव्हीलमागे तीन पातळ चकत्या असतात आणि त्यांची जाडी क्रँकची पुढेमागे होणारी हालचाल ठरवते. ती ०.०७ ते ०.१५ मिलिमीटरमध्ये हवी. जास्त झाली तर नवं सीलही पुन्हा गळतं. मिस्त्रींनी डायल गेज लावून तीनदा मोजलं आणि एक चकती बदलली.

मग त्यांनी इंजिन खालून पाहिलं आणि गप्प झाले.

सिलिंडरांच्या खालच्या बाजूचे वाकवलेले पत्रे नव्हते. इंजिनाच्या भोवती जी रबरी पट्टी असते तीही नव्हती. पूर्वी कुठल्यातरी गॅरेजात हे इंजिन उतरलं होतं आणि जोडताना कुणाला तरी हे पत्रे फालतू वाटले होते. वरवर ते तसेच दिसतात. पण हवेवरच्या इंजिनात तेच रेडिएटरचं काम करतात. पंख्याचा वारा सिलिंडरच्या फिनमधून वळवून न्यायचं काम त्यांचं. रबरी पट्टी वरची गार हवा आणि खालची तापलेली हवा वेगळी ठेवते. पट्टी नसेल तर पंखा सायलेन्सरजवळची गरम हवाच पुन्हा ओढतो. मिस्त्रींनी तिसऱ्या सिलिंडरच्या हेडवर टॉर्च मारला. तिथला रंग बाकीच्यांपेक्षा भुरकट होता. या इंजिनांत तेलाचा कूलर तिसऱ्या सिलिंडरच्या वाटेतच उभा असतो, त्यामुळे मुळातच त्याच्या वाट्याला कमी वारा येतो. पत्रेही गेले म्हटल्यावर तो भाजूनच निघत होता.

"अजून एक उन्हाळा गेला असता तर व्हॉल्व्ह तुटला असता," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या एका बीटलचे पत्रे मागून आणले गेले. जाड पुठ्ठ्यावर त्यांची आकृती काढली, आणि शेजारच्या पत्रेकाम करणाऱ्या कारागिरानं त्यावरून तसेच पत्रे कापून, वाकवून दिले. मूळ पत्रे जर्मनीत झाले होते. त्या कारागिरानं आयुष्यात बीटलचं काम केलं नव्हतं. पण वारा कुठून येणार आणि कुठं जायला हवा, हे मिस्त्रींनी खडूनं फरशीवर काढून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे धुराड्यासारखं, उलटं." आणि कामाला लागला.

०००

जगभर या गाडीला दोस्त मिळाले ते तिच्या वेगानं नव्हे. १९६३मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मोहिमेनं एक लाल बीटल अंटार्क्टिकावरच्या मॉसन तळावर नेली. गोठायला पाणीच नसलेलं इंजिन तिथल्या बर्फात वर्षभर चाललं. मेक्सिकोत तिला व्होचो म्हणतात आणि ब्राझीलमध्ये फुस्का. मेक्सिको सिटीच्या हिरव्या टॅक्सींत पुढची एक सीट काढलेली असायची, प्रवाशाला मागे जाणं सोपं पडावं म्हणून. अमेरिकेत जॉन म्यूर नावाच्या एका अभियंत्यानं विमान-उद्योगातली नोकरी सोडली आणि १९६९मध्ये ज्याला यंत्रातलं काहीच कळत नाही अशा माणसासाठी फोक्सवॅगन जिवंत कशी ठेवायची, हे सांगणारं पुस्तक लिहिलं. पीटर अशवांडन यांनी त्यात चित्रं काढली. त्या पुस्तकाच्या भरवशावर किती तरी तरुण-तरुणींनी घरामागच्या अंगणात इंजिन उतरवलं. पुस्तक चाललं कारण गाडी तशी होती. साध्या अवजारांनी उघडावी, हातानं ओळखावी, परत जोडावी अशी.

तिची वेळ मात्र संपत आली होती. धुराचे नियम कडक झाले. हवेवरच्या इंजिनाचं तापमान हवं तसं बांधून ठेवता येत नाही, आणि पाण्याचं कवच नसल्यामुळे आवाज थेट बाहेर येतो. १९७४मध्ये फोक्सवॅगननंच पुढे इंजिन आणि पाण्यावर गार होणारी गोल्फ काढली. त्याच वर्षी वोल्फ्सबुर्गमधलं बीटलचं उत्पादन थांबलं. १९७८मध्ये जर्मनीतली बंद टपाची शेवटची बीटल एम्डेनहून बाहेर पडली. मेक्सिकोतल्या प्वेब्लामध्ये ३० जुलै २००३ रोजी अखेरची गाडी निघाली. तिचा क्रमांक होता २,१५,२९,४६४. पोर्शे कंपनीची ९११ही १९९०च्या दशकाच्या अखेरीला हवेवरून पाण्यावर गेली. मिस्त्रींच्या शेडपासून तासाभरावर चाकणला २००९पासून फोक्सवॅगनचा कारखाना आहे. तिथं बनणाऱ्या गाड्यांची इंजिनं पुढे असतात आणि पाण्यावर गार होतात. त्या गाड्या जास्त सुरक्षित आहेत, कमी धूर सोडतात. हे सगळं चांगलंच झालं.

पण एक गोष्ट वाटेत सुटली, आणि तिच्याबद्दल मला मनापासून बोलायचं आहे. यंत्र उघडता येणं हा त्या यंत्राचा गुण असतो, ताकद आणि वेग यांच्याइतकाच. राइमश्पीस यांनी इंजिन गिअरबॉक्सला चार जागी जोडलं, ते वजनानं माणसांना उचलेल असं ठेवलं, आणि ते मागून, खालून, एका जॅकवर उतरेल अशी वाट गाडीत राहिली. कागदावर रेघ ओढताना कुणाला तरी पाना धरणारा हात दिसला होता. आज आपण विकत घेतो त्या वस्तूंतल्या कितींच्या आराखड्यात असा हात दिसलेला असतो? फोनची बॅटरी डिंकानं चिकटवलेली, मिक्सरचं टोपण न उघडणाऱ्या स्क्रूंनी बंद, गाडीचा बिघाड कंपनीच्या संगणकाशिवाय वाचताच येत नाही. केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, त्यात शेतीची अवजारं, फोन, घरगुती उपकरणं आणि वाहनं आहेत. पन्नास वर्षांहून जुन्या मूळ रूपातल्या गाड्यांना विंटेज म्हणून वेगळी नोंदणी देणारा नियम २०२१मध्ये आला. दोन्ही पावलं योग्य दिशेनं आहेत. पण हक्क कागदावर मिळाला तरी दुरुस्ती करणारा हात लागतोच. तो हात असा शेडमध्येच तयार होतो, चहा पिता पिता, गंजाला वेळ देता देता.

गेल्या काही वर्षांत पाच पोरं शिकायला आली आणि चार निघून गेली, असं मिस्त्रींनी सांगितलं. कुणी डिलिव्हरीला लागलं, कुणी शोरूममध्ये. त्यात राग नव्हता. "पोट आहे प्रत्येकाला. पण या इंजिनाचा आवाज ओळखणारा एखादा तरी मागं राहायला पायजे."

०००

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी इंजिन परत चढवायचं होतं. नवं सील, नवी प्लेट, नवे पत्रे. प्लेट बरोबर मध्यात बसवली, नाहीतर गिअरबॉक्सचा दांडा आत शिरत नाही. जॅक वर गेला. इंजिन दांड्याशी आलं, अडलं. मिस्त्रींनी क्रँकची पुली हातानं किंचित फिरवली, दांड्याचे दाते प्लेटच्या दात्यांत मिळाले, आणि दोन धातू एकमेकांत शिरले तेव्हा असा मऊ, भरीव आवाज आला की मामांनी स्टुलावरूनच मान डोलावली.

वरचे बोल्ट राहिले. पोरगा सवयीनं गाडीखाली जायला वाकला. मिस्त्रींनी त्याला थांबवलं. त्यांनी पोतं अंथरलं, गुडघा धरून हळू खाली बसले, आणि स्वतः पाठीवर झोपून गाडीखाली सरकले.

"आज तू वर," खालून आवाज आला.

पोरगा क्षणभर उभाच राहिला. मग तो मागच्या झाकणात वाकला, गाल पंख्याच्या पेटीला टेकला, नजर छताकडे. उजवा हात कोपरापर्यंत आत गेला. नट दोनदा बोटांतून निसटला. तिसऱ्यांदा त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की आटे लागले.

"लागला?" खालून.

"लागला."

"बोटानं आण आधी. पाना नंतर."

तो बोटानं नट फिरवत राहिला, डोळे मिटून, ओठ हलत होते, बहुतेक आटे मोजत होता. मग पाना लावला.

"धरलाय ना, मिस्त्री?"

"धरलाय मी. तू आवळ."